कै. गुनपेई योकोई

हातांत मावणारें व्हिडिओ गेमचें यंत्र ज्यानें कधीं पाहिलें नाहीं, असा विद्यार्थी आज विरळाच. परंतु अशीं यंत्रें घरोघर पोंचण्यास ज्यांची बुद्धि मुख्यतः कारणीभूत झाली, त्या जपानी गृहस्थांचें नांव फार थोड्यांस ठाऊक असतें. त्यांचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों. कारण बाजारांतील चढाओढींत यश कशानें येतें व कशानें जातें, हें त्यावरून उत्तम प्रकारें समजतें.

गुनपेई योकोई यांचा जन्म ता. १० सप्टेंबर १९४१ रोजीं क्योटो शहरीं झाला. जोसेफ नीशिमा या ख्रिस्ती शिक्षणप्रसारकानें १८७५ सालीं क्योटो येथें ज्या दोशिशा संस्थेचा पाया घातला, तिच्याच विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें. १९६५ सालीं ते निन्टेंडो कंपनींत लागले. ही कंपनी पूर्वापार खेळण्याचे पत्ते करीत असे, आणि पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करणें हें योकोई यांचें काम होतें. फावल्या वेळीं त्यांनीं लांबवितां व आंखडतां येणारा एक गमतीचा हात तयार केला. तो मालक हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस पडला. त्यांनीं तो विक्रीस काढण्यास सांगितलें. १९६६ सालीं निघालेल्या या खेळण्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले, आणि यंत्रें सांभाळणारा तरुण खेळण्यांचा रचनाकार झाला.

पुढें आगगाडींत एक कंटाळलेला प्रवासी गणकयंत्राचीं बटणें उगाच दाबीत बसलेला पाहून त्यांस खिशांतील खेळाची कल्पना सुचली, असें सांगतात. १९८० सालीं त्यांचें ‘गेम अँड वॉच’ निघालें. गणकयंत्रांचे पडदे तोंवर पुष्कळ स्वस्त झाले होते. तेच त्यांनीं खेळासाठीं वापरले. नव्या व महाग साधनांमागें न धांवतां, जुनें, पारखलेलें व स्वस्त साधन नव्या कामीं लावावें, हें त्यांचें तत्त्व होतें.

या तत्त्वाची खरी कसोटी १९८९ सालीं लागली. त्या वर्षीं एप्रिलांत ‘गेम बॉय’ १२,५०० येन किंमतीस बाजारांत आला. त्याचा पडदा हिरवट व रंगहीन होता. लवकरच अटारी कंपनीनें ‘लिंक्स’ व सेगा कंपनीनें ‘गेम गिअर’ हीं रंगीत पडद्यांचीं यंत्रें काढलीं. जाहिरातींतून गेम बॉयची थट्टा झाली. दिमाखाच्या बाजूनें पाहतां तो हरलाच होता. परंतु अमेरिकेंत गेम बॉयची किंमत सुमारें ९० डॉलर, गेम गिअरची १५० व लिंक्सची सुमारें १८० डॉलर होती. शिवाय प्रतिस्पर्ध्यांस सहा पेन्सिल सेल लागत व ते थोड्याच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर सुमारें पंधरा तास चाले. सेलांचा खर्च आईबापांनाच सोसावा लागतो, हें सांगावयास नकोच.

तरी केवळ स्वस्ताईनें हा विजय मिळाला नाहीं. अमेरिकेंत यंत्राबरोबर ‘टेट्रिस’ हा खेळ मिळे, आणि त्यानें प्रौढ माणसेंहि वेडीं झालीं. १९९६ सालीं जपानांत ‘पोकेमॉन’ आला. दोन यंत्रें तारेनें जोडून मुलें त्यांतील प्राण्यांची अदलाबदल करूं लागलीं. गेम बॉय व त्याची रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रें खपलीं; गेम गिअर सुमारें एक कोटीवर थांबला.

परंतु योकोई यांस पराभवहि पाहावा लागला. १९९५ सालीं त्यांनीं ‘व्हर्च्युअल बॉय’ हें यंत्र काढलें. तें मेजावर ठेवून त्यांत डोळे घालून पाहावें लागे. चित्रें काळ्यावर तांबडीं दिसत. अमेरिकेंतील किंमत सुमारें १८० डॉलर, आणि खेळ एकंदर अवघे बावीस. खेळणाऱ्याच्या शेजाऱ्यास कांहींच दिसत नसल्यामुळें पाहून हौस वाटावी, असेंहि त्यांत नव्हतें. किंमत, खेळ व लौकिक हे तिन्ही आधार एकदमच सुटले, आणि वर्षभरांत तें यंत्र बंद झालें.

१९९६ सालीं त्यांनीं निन्टेंडो सोडून स्वतःची लहानशी संस्था काढली, आणि बांदाई कंपनीसाठीं नव्या यंत्राची आंखणी हातीं घेतली. परंतु ता. ४ ऑक्टोबर १९९७ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. त्यांचें वय त्या वेळीं ५६ वर्षांचें होतें. त्यांचें शेवटचें यंत्र ‘वंडरस्वान’ १९९९ सालीं निघालें. त्याची किंमत अवघी ४,८०० येन होती व त्यास एकच सेल पुरे. तथापि निन्टेंडोजवळील खेळांच्या भांडारापुढें त्याचा निभाव लागला नाहीं. आणि तें भांडार ज्या गेम बॉयसाठीं जमलें होतें, तो योकोई यांचाच होता.

या चरित्रावरून आम्हांस असें वाटतें कीं, वस्तूचा झगझगाट विकत घेणाऱ्यास दुकानांत मोहवितो, पण घरीं ती किती दिवस हातांत राहील, हें तिच्या उपयोगावरच ठरतें. ज्यास कांहीं नवें करावयाचें आहे, त्यानें आपल्यापाशीं काय नाहीं याची खंत करण्यापूर्वी, हाताशीं असलेल्या साध्या साधनांकडे एकदां पुन्हा निरखून पाहावें.