बदली शिक्षक झालेले संत

वर्गाचे गुरुजी रजेवर गेले आणि दुसरेच कोणी समोर उभे राहिले की मुलांना जणू सुट्टी लागते. ऐनवेळी धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यावा लागलेल्या आपल्या धर्मग्रामातील बंधूभगिनींना हे वेगळे सांगायला नको. आम्हीही त्यातून गेलो आहोत. सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांच्यावरही उतारवयात ही वेळ आली होती.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी फ्रान्समधील रीम्स शहरात श्रीमंत घराण्यात झाला. कोवळ्या वयातच ते कॅथेड्रलचे कॅनन झाले. १६७८ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. गरिबांच्या शाळेतील अर्धशिक्षित मास्तरांना त्यांनी १६८१ साली स्वतःच्या घरी राहायला आणले, तेव्हा नातेवाईक संतापले. पुढे त्यांनी कॅननपद सोडले, दुष्काळात संपत्ती वाटून टाकली. त्या मास्तरांतूनच ब्रदरांचा संघ उभा राहिला.

१७१२ मध्ये पॅरिसमधील एका खटल्याचा निकाल विरुद्ध गेला. खचलेले ला साल दक्षिणेकडे निघून गेले. आपण दूर राहण्यातच संघाचे भले आहे, असे त्यांना वाटू लागले होते. ग्रेनोबल शहरात असताना त्यांनी तेथील ब्रदरांना उत्तरेकडील शाळांची पाहणी करायला पाठवले आणि त्यांचा वर्ग स्वतः घेतला. वय बासष्ट, ईश्वरविज्ञानातील डॉक्टरेट, आणि समोर अक्षरे गिरवणारी पोरे! ते त्यांना लिहायला-वाचायला शिकवीत, धर्मशिक्षण देत आणि मिस्सेला घेऊन जात.

वर्ग कसा सांभाळायचा हे त्यांनी ब्रदरांबरोबर आधीच लिहून काढले होते. मास्तराने कमी बोलावे. टक् असा आवाज करणारे एक छोटे साधन त्याच्या हाती असे. ते वाजवायचे आणि खूण करायची. (ओरडून वर्ग शांत झालेला आम्ही तरी पाहिला नाही.) त्यांनी छडी पूर्ण बंद केली नाही, तो काळच तसा होता, पण रागाच्या भरात शिक्षा करायची नाही, हातापायांनी मारायचे नाही, मुलाला नावे ठेवायची नाहीत. नव्याने आलेल्या मुलाला तर सहसा शिक्षा नकोच. आधी त्याचा स्वभाव कळू द्यावा. घंटा वाजवणे, कागद वाटणे अशी कामे मुलांकडेच असत. प्रत्येक मुलाचे गुणदोष, कोण धाकाने ऐकतो आणि कोण मायेने, हे वहीत टिपून ती पुढच्या मास्तराच्या हाती द्यायची. अनोळखी वर्गात पाऊल टाकणाऱ्याला अशी वही मिळाली तर आणखी काय हवे?

एप्रिल १७१४ मध्ये पॅरिसच्या प्रमुख ब्रदरांचे पत्र आले. आज्ञापालनाच्या व्रताची आठवण देऊन त्यांनी आपल्या संस्थापकालाच परत येण्याची आज्ञा केली होती! ऑगस्टमध्ये ला साल पॅरिसला पोहोचले. १७१७ मध्ये त्यांनी संघाची धुरा ब्रदर बार्थेलेमी यांच्याकडे सोपवली. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेला, रुआँ येथे त्यांचे निधन झाले. वर्ग सांभाळण्याचे ते पुस्तक दुसऱ्या वर्षी आविन्यों येथे छापून निघाले.