ओहम सर आणि आमच्या घराची भिंत

सर्वप्रथम एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी विषय होता तो फक्त पास होण्यापुरता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाने सांभाळून घ्यावं. दुसरी कबुली जरा मोठी आहे, ती शेवटी देईन.

आमचं घर वाशिमला. गेल्या पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल आली. आधी हाताएवढा डाग, मग पोपडे, मग पांढरा खार. बाबा म्हणाले स्लॅब गळतोय. पेंटर म्हणाला वॉटरप्रूफ रंग मारू. रंग मारला, महिन्यात परत पोपडे! पुन्हा मारला, पुन्हा तेच. मग गच्चीवर वॉटरप्रूफिंग करायचा विषय निघाला. खर्च ऐकून आई गप्पच झाली. सगळे अंदाजाने बोलत होते, पण भिंतीच्या आत पाणी नेमकं कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

खरं तर ओल मोजायचं यंत्र वाशिमकरांना नवीन नाही. दिवाळीच्या सुमारास मार्केट यार्डात जा. सोयाबीनच्या कट्ट्यातून मूठभर दाणे काढतात, मॉइश्चर मीटरमध्ये टाकतात, आकडा येतो आणि त्यावर भाव ठरतो. हमीभावाच्या खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा. २०२४ च्या हंगामात सरकारने तो १५ टक्क्यांपर्यंत सैल केला होता. एका-दोन टक्क्यांनी शेतकऱ्याचं काय होतं ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी माहीत आहे. भिंतीसाठी आणि लाकडासाठीसुद्धा असेच मीटर मिळतात. त्यातल्या दोन टोकदार पिनांच्या मीटरचं मूळ शोधत गेलं की आपण एका माणसापाशी येऊन थांबतो. त्या माणसाचं नाव आपण दहावीपासून घोकतोय, पण तो कोण होता हे मात्र कुणी विचारत नाही. तो माणूस म्हणजे जॉर्ज सायमन ओहम.

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान कुलपं बनवणारे कारागीर. आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तिघंच जगली आणि जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडील शाळेत फारसे शिकलेले नव्हते, पण स्वतःच्या हिमतीवर पुस्तकं वाचून त्यांनी गणित आणि विज्ञान आत्मसात केलं होतं, आणि तेच जॉर्ज आणि धाकटा मार्टिन या दोघांना शिकवलं. म्हणजे घरात एकीकडे कानस-हातोडी आणि दुसरीकडे भूमिती! या दोन्ही गोष्टी पुढे जॉर्जच्या कामी आल्या.

१८०५ मध्ये जॉर्ज युनिव्हर्सिटीत दाखल झाला आणि... अगदी आपल्यासारखाच वागला. नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यात त्याचा वेळ जाऊ लागला. वडिलांना हे कळल्यावर ते भयंकर संतापले. आपल्याला जी संधी मिळाली नाही ती पोरगा वाया घालवतोय, हे त्यांना सहन होईना. तीन सेमिस्टरनंतर शिक्षण सुटलं आणि जॉर्जची रवानगी स्वित्झर्लंडला झाली, एका शाळेत गणित शिकवायला. वय फक्त सतरा! इयर डाऊन झालेल्या मित्रांनी इथे थोडं थांबावं. कारण या मुलाने तिथे शिकवता शिकवता ऑयलर आणि लाप्लास यांची पुस्तकं एकट्याने वाचून काढली, १८११ मध्ये तो एर्लांगेनला परत आला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

पण डॉक्टरेटने पोट भरत नाही. युनिव्हर्सिटीतल्या शिकवण्याचे पैसे इतके तुटपुंजे की ते सोडून बाम्बर्गच्या एका साध्या शाळेत नोकरी धरावी लागली. ती शाळाही पुढे बंद पडली. शेवटी १८१७ मध्ये कोलोन शहरातल्या एका शाळेत जागा मिळाली आणि तिथे एक चांगली गोष्ट होती, ती म्हणजे सुसज्ज प्रयोगशाळा.

१८२० मध्ये अर्स्टेड यांनी दाखवलं की वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसुई हलते. ओहम सरांना (आता त्यांना सर म्हणायलाच हवं) वाटलं, सुई किती हलते यावरून वीज किती वाहते ते मोजता येईल. कुलपं करणाऱ्याच्या मुलाला उपकरणं हाताने बनवणं जड नव्हतं. तारेची लांबी वाढवली की करंट कमी होतो हे त्यांना दिसलं. त्यांनी सूत्र मांडलं, १८२५ मध्ये निबंध छापला. आणि ते सूत्र चुकीचं निघालं!

मला ओहम सरांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. चूक त्यांच्या गणितात नव्हती, बॅटरीत होती. त्या काळच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जायचा. म्हणजे तार बदलली म्हणून रीडिंग बदललं की बॅटरी दमली म्हणून, हेच कळायचं नाही. तेव्हा पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्यांना बॅटरीऐवजी थर्मोकपल वापरायचा सल्ला दिला. बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंचे दोन सांधे. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्हीकडचं तापमान हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. मग त्यांनी तांब्याच्या आठ तारा घेतल्या, सगळ्यात छोटी २ इंचांची आणि सगळ्यात लांब १३० इंचांची. एकेक तार जोडायची, सुई मूळ जागी आणायला किती पीळ द्यावा लागतो ते वाचायचं, लिहायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. या रीडिंगमधून १८२६ मध्ये जो संबंध निघाला तोच आपला ओहमचा नियम. रोध जितका जास्त, तितका करंट कमी.

१८२७ मध्ये बर्लिनला त्यांचं पुस्तक निघालं. त्यासाठी त्यांनी अर्ध्या पगारावर रजा घेतली होती आणि भाऊ मार्टिनच्या शहरात राहिले होते. अपेक्षा अशी की आता एखाद्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसरची जागा मिळेल. पण झालं उलटंच. भौतिकशास्त्रात इतकं गणित त्या वेळी जर्मनीत अनेकांना रुचत नव्हतं. पुस्तकावर बोचरी टीका झाली, शिक्षण खात्यातही कुणी पाठीशी उभं राहिलं नाही. स्वाभिमानी ओहम सरांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये थोडेफार तास घेऊन काढली. ऐन उमेदीची वर्षं! १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये ते प्राध्यापक झाले, तेव्हा कुठे जरा स्थिरता आली.

जग मात्र हळूहळू त्यांच्याकडे वळत होतं. तारायंत्राचे दिवस आले. मैलोन् मैल तारा टाकायच्या तर त्यांचा रोध मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. पुढे तर जमिनीखालची केबल कुठे बिघडली ते न खोदता, नुसता रोध मोजून सांगता येऊ लागलं. इलेक्ट्रिकलच्या मित्रांना मरे लूप टेस्ट आठवत असेलच. पण युनिव्हर्सिटीत पूर्ण प्रोफेसरपद मिळालं ते म्युनिकला, १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. तरुणपणी पाहिलेलं स्वप्न जेमतेम दोन वर्षं उपभोगून ६ जुलै १८५४ रोजी ते वारले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककासाठी त्यांचं नाव स्वीकारलं, ते पाहायला ते नव्हते.

आता परत आमच्या भिंतीकडे येऊ. वाळलेल्या लाकडाचा रोध शेकडो, हजारो मेगाओहम असतो. तेच लाकूड चिंब भिजलं की तो एका मेगाओहमच्याही खाली येतो. कारण पाण्यात विरघळलेले क्षार करंटला वाट करून देतात. विटा आणि प्लास्टरचंही तसंच. पिनवाला मीटर दोन पिनांमधला हा रोध मोजतो आणि टक्क्यांत दाखवतो. ते टक्के लाकडासाठी खरे, भिंतीसाठी मात्र फक्त तुलनेपुरते. बिनपिनांचे मीटरही असतात, ते विद्युतक्षेत्राने काम करतात आणि पृष्ठभागाखालचा साधारण एक-दोन सेंटिमीटरचा थर तपासतात.

माझ्याकडे मीटर नव्हता, पण मल्टिमीटर होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मेन स्विच बंद करून घेतला, दोन खिळे एका पट्टीवर ठराविक अंतरावर बसवले आणि मल्टिमीटरचा नॉब घोड्याच्या नालासारख्या त्या चिन्हावर आणला. आधी कोरडी म्हणून खात्री असलेल्या भिंतीवर रीडिंग घेतलं. हे ओहम सरांकडून शिकले, आधी आपलं माप भरवशाचं आहे का ते बघायचं. मग ओल्या भिंतीवर पेन्सिलने वीतवीत अंतरावर चौकोन आखले आणि प्रत्येक ठिकाणी मोजलं. खारामुळेही रोध कमी दिसतो, म्हणून जिथे खार होता तिथे तो खरवडून पुन्हा घेतलं. आई बघत होती. तिला वाटलं पोरगी भिंतीचा ईसीजी काढतेय!

स्लॅबजवळ मीटर रेंजच्या बाहेर, म्हणजे भिंत कोरडी. खाली येताना आकडा कमी होत गेला, आणि सगळ्यात कमी आकडा आला तो जमिनीपासून दोन फुटांवर, बाथरूमला लागून असलेल्या कोपऱ्यात. गवंड्याने बाथरूमच्या बाजूची फक्त एक टाइल काढली. आत पाइपचा एल्बो थेंब थेंब गळत होता. म्हणजे स्लॅबचा काही दोष नव्हता. बदनाम मात्र तोच झाला होता. एल्बो बदलला, भिंत वाळू दिली आणि मगच रंग मारला. गच्चीचा खर्च वाचला.

आता दुसरी कबुली. फर्स्ट इयरला ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल होतं. त्याची रीडिंग मी घेतलीच नव्हती. सीनियरच्या जर्नलमधून उतरवली, ग्राफ सरळ रेषेत आला, सही मिळाली. खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी घेतली? ओहम सरांची पहिली रीडिंग चुकीची आली होती, पण ती त्यांची स्वतःची होती. म्हणून चूक कुठे आहे ते शोधता आलं. माझा ग्राफ अगदी बरोबर होता, आणि त्यातून मी काहीच शिकले नाही. जे शिकले ते दोन वर्षांनी, घरच्या ओल्या भिंतीपाशी.