पुराचा हिशेब आणि विश्वेश्वरय्या

पावसाळा तोंडावर आला की शहरांच्या कारभाऱ्यांना नाले आठवतात आणि दिवाळीपूर्वीच त्यांचा विसर पडतो. ठाण्याच्या खोपटसारख्या सखल वस्तीला या विस्मरणाची किंमत मोजावी लागते. येऊरच्या डोंगरावरचे पाणी नाल्यांवाटे शहर ओलांडून खाडीकडे धावते. त्याच वेळी भरती असली की खाडी ते स्वीकारत नाही आणि मधल्या वस्तीत ते तुंबते. अशा प्रश्नाकडे कोणत्या क्रमाने पाहावे, हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. लहानपणीच पितृछत्र हरपले. शिकवण्या करीत त्यांनी बंगळूर येथे बी. ए. पूर्ण केले आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ मध्ये स्थापत्याच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे ही त्यांची कर्मभूमी ठरली. त्या अर्थाने हा म्हैसूरचा सुपुत्र महाराष्ट्राच्याच मातीत अभियंता म्हणून घडला.

१९०३ मध्ये त्यांनी खडकवासल्याच्या धरणावर आपल्या कल्पनेतील स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. धरणाची भिंत न उंचावता साठा वाढला. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धती आणली, तिच्यामागेही हेच सूत्र होते : हाती असलेल्या साधनाचा पुरता उपयोग आधी, नवा खर्च नंतर. मात्र त्या काळी खात्यातील सर्वोच्च पदे युरोपियनांसाठीच राखल्यासारखी होती. विश्वेश्वरय्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती पत्करली.

ते परदेश प्रवासात असतानाच हैदराबादचे बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला होता. सुमारे १५ हजार माणसे त्यात दगावली, असे सांगितले जाते. भयभीत शहराची पहिली अपेक्षा काठावर उंच भिंती बांधाव्यात अशीच असणार. विश्वेश्वरय्यांनी १९०९ मध्ये काम हाती घेतले ते नदीच्या काठापासून नव्हे, तर तिच्या पाणलोटापासून. संस्थानातील पर्जन्यनोंदी अपुऱ्या होत्या, म्हणून शेजारच्या मुंबई व मद्रास इलाख्यांतील आकडे त्यांनी मिळविले. खोऱ्यातील तलाव मोजले तेव्हा ७८८ तलावांपैकी २२१ फुटल्याचे आढळले. आभाळ फाटले हे खरेच. परंतु वरचे तलाव एकामागून एक फुटल्याने पुराचे बळ वाढले होते. म्हणजे आपत्तीचा एक भाग माणसाच्या हातचा होता.

ऑक्टोबर १९०९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. शहराच्या वरच्या अंगाला मुसी व ईसी या दोन्ही नद्यांवर जलाशय बांधून पूर तेथेच थोपवावा, ही त्यातील मुख्य शिफारस होती. शहरात काठाची सुधारणा आणि भुयारी गटारे ही तिची पूरक अंगे होती. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या योजनेचे मर्म निराळेच आहे. पूरनियंत्रणावरील खर्चाचे फळ म्हणजे न झालेले नुकसान. ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्यासाठी पैसा मागणारा नेहमीच दुबळा ठरतो. या जलाशयांनी मात्र पूर अडविण्याबरोबर शहराला पिण्याचे पाणीही दिले. एकाच खर्चाला दोन लाभ जोडले गेले आणि पैशाला दिसणारे फळ मिळाले. उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. निजाम बदलले, दिवाण बदलले, मध्ये एक महायुद्ध होऊन गेले. तरी अठरा वर्षे आराखडा टिकला.

तोपर्यंत विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता व नंतर १९१२ ते १९१८ दिवाण झाले होते. कृष्णराजसागर धरणाला मद्रास सरकारने कमी उंचीचीच संमती दिली, तेव्हा त्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीचा घातला. परवानगी व निधी टप्प्याटप्प्याने मिळाले तरी विचार तुकड्यातुकड्याने करायचा नसतो, हा त्यातील धडा. १९३४ मध्ये त्यांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना मांडणारा ग्रंथ लिहिला. १९५५ मध्ये ते भारतरत्न झाले आणि एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी गाठून, निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतपाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटून पुणे बुडाले होते. कोणतीही रचना एकदा उभारून विसरण्यासारखी नसते, हे दैवाने त्यांच्या हयातीतच दाखविले.

हैदराबादनेही पुढे हा धडा दुर्लक्षिला. शहर जलाशयांपलीकडे पसरले, जुने तलाव व ओढे बुजले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. मुंबईत पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता तासाला २५ वरून ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याचा अहवाल १९९३ मध्ये तयार होता. त्याला खरी गती आली ती २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर. तोवर खर्चाचा अंदाज कितीतरी पटींनी फुगला होता. दिरंगाईसुद्धा एक खर्चच आहे. फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही, तळमजल्यावरच्या संसारात दिसतो.

खोपटच्या पाण्याचा हिशेब म्हणूनच खोपटमध्ये सुरू होत नाही. तो येऊरच्या उतारावर सुरू होतो आणि खाडीच्या मुखाशी संपतो. ठाणे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. त्यातील अनेक तलाव बुजले. उरलेला प्रत्येक तलाव, नाल्याची रुंदी आणि खाडीकाठची खारफुटी ही पूर झेलणारी भांडवली मालमत्ता समजून अंदाजपत्रकात तिची नोंद व्हावी, तिच्या देखभालीला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळावी आणि ती दुसऱ्या कामाकडे वळवू नये. प्रभागवार वाटलेला निधी नगरसेवकाला सोयीचा असेल. पाण्याला प्रभागांच्या सीमा ठाऊक नसतात. विश्वेश्वरय्यांनी मुसीच्या काठी आधी पाणी मोजले आणि मग पैसा मागितला. तोच क्रम उलटा केला की भिंती वाढतात, बिले वाढतात आणि पाणी मात्र जागच्या जागी राहते.