जॅक डन यांचे ओरिओल्स

अमेरिकी बेसबॉलमध्ये दुय्यम लीगच्या संघाने खेळाडू घडवावेत आणि ते मोठ्या संघांनी न्यावेत, हा रिवाज बाल्टिमोर ओरिओल्सचे मालक-व्यवस्थापक जॅक डन यांनी मानला नाही. १९१४ साली सेंट मेरीज औद्योगिक शाळेतून आणलेला बेब रूथ त्यांना त्याच वर्षी बॉस्टनला विकावा लागला. फेडरल लीगच्या नव्या संघाने प्रेक्षक ओढून नेले होते. पुढे आपल्या लीगला मिळालेल्या सवलतीमुळे खेळाडू राखून ठेवता आले, तेव्हा १९१९ ते १९२५ सलग सात अजिंक्यपदे त्यांनी मिळविली. या वैभवाची किंमत मात्र खेळाडूंनी मोजली. लेफ्टी ग्रोव्हसारखा असामान्य पिचर पाच हंगाम तेथेच अडकला. १,००,६०० डॉलर हाती येताच डन यांनी त्याला सोडले. पंचविशीत मोठ्या लीगमध्ये पोचलेल्या ग्रोव्हने तेथे ३०० सामने जिंकले.