एक मडकं, एक खराटा आणि 50 वर्षांची पायपीट : जवळ काहीच नसताना गाडगेबाबा समाधानी कसे राहिले?

सुखी कसं राहायचं, हे सांगणाऱ्या रील्सचा सध्या सुकाळ आहे. कुणी पहाटे चारला उठायला सांगतं, कुणी थंड पाण्याने आंघोळ करायला सांगतं, कुणी डायरी लिहायला लावतं. चार दिवस आपण करतो, पाचव्या दिवशी परत जैसे थे.

पण आपल्याच वऱ्हाडात एक माणूस होऊन गेला, ज्याच्याकडे घर नव्हतं, बँकेत पैसा नव्हता, अंगावर धड कपडा नव्हता. बाप दारूने गेला, शेत सावकाराने खाल्लं, तरणाताठा मुलगा गेला. तरीही त्याच्या कीर्तनात लोक पोट धरून हसायचे आणि तो स्वतः वयाच्या ऐंशीपर्यंत हिंडत राहिला.

नाव तुम्हाला माहीत आहे. संत गाडगेबाबा. फोटो शाळेच्या भिंतीवर बघितलेला असतो, ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने असतं, म्हणून आपण त्यांना झाडूपुरतं लक्षात ठेवलं. पण त्यांचं आयुष्य नीट बघितलं तर सुखाबद्दल एक वेगळीच गोष्ट हाती लागते.

सुरुवातच दुःखाने झाली

23 फेब्रुवारी 1876 ला अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात, एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादाला लागले आणि त्यातच गेले. डेबू तेव्हा लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला.

मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात येतं. आता रिसोडकडच्या, म्हणजे रिठदसारख्या गावातल्या वाचकाला वाटेल, हे आपल्यापासून लांब आहे. पण 1998 पर्यंत वाशिम जिल्हा अकोल्याचाच भाग होता. माती तीच, पीकपाणी तेच आणि अडचणीही त्याच.

मामाकडे डेबू गुरं राखायचा, शेतात राबायचा. शाळेचं तोंड त्याने बघितलं नाही. 1892 मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. सगळं रांगेला लागतंय असं वाटत असतानाच सावकार आडवा आला. मामा चंद्रभान यांच्यावर कर्ज होतं. कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणाला वाचता येत नव्हतं. अंगठा उठवला जायचा आणि आकडा वाढत जायचा. शेवटी शेत गेलं आणि त्या धक्क्याने मामाही गेले.

म्हणजे तिशीच्या आत या माणसाने दोन घरं मोडताना बघितली. एक दारूने, दुसरं कर्जाने.

मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण

त्या काळी घरात बारसं असो की बारावं, जातीच्या पंगतीला दारू आणि मटण लागायचंच. ऐपत नसेल तर कर्ज काढून. डेबूजींना मुलगी झाली तेव्हाही भाऊबंद त्याच तयारीने आले. डेबूजींनी दारू, मटणाला नकार देऊन गोडाची पंगत वाढली. लोक नाराज झाले, कुजबुज झाली, पण ते हटले नाहीत.

ही गोष्ट साधी वाटते, पण त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी इथं आहे. कशाने सुख मिळेल, हा प्रश्न त्यांनी घेतलाच नाही. आपल्या घरातलं सुख नेमकं कशाने गेलं, एवढंच त्यांनी बघितलं आणि ती कारणं एकेक करून बाजूला काढायला लागले.

मग घर सोडलं

1 फेब्रुवारी 1905 ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते घरातून निघाले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि फुटकं मडकं. याच मडक्यामुळे, म्हणजे गाडग्यामुळे, लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. तेच जेवायचं ताट आणि उन्हात तेच डोक्यावरची टोपी.

दिनक्रम ठरलेला. गावात शिरायचं, कुणाला न विचारता रस्ता झाडायला सुरुवात करायची. लोक आधी हसायचे, मग गोळा व्हायचे, मग स्वतःच हातात खराटा घ्यायचे. भाकरी मागायची ती काम करूनच. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. कुणी पाया पडायला वाकलं तर त्यांना आवडायचं नाही. सत्कार व्हायच्या आत पुढच्या गावची वाट धरलेली असायची.

कीर्तनात ते प्रवचन झोडत नसत. समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे, तेही अस्सल वऱ्हाडी बोलीत. विषय ठरलेले. कर्ज काढून सण करू नका. दारू पिऊ नका. देवापुढे बकरं कापू नका. शिवाशिव पाळू नका. आणि पोटाला चिमटा घ्या, पण पोरांना शाळेत घाला.

यादी परत वाचा. बापाची दारू, मामाचं कर्ज, न वाचता आलेला कागद. सगळं त्यात आहे.

1923 : खारेपाटण

कोकणात खारेपाटणला कीर्तन सुरू असताना निरोप आला की एकुलता उरलेला मुलगा गोविंदा गेला. गाडगेबाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. पण इथं थोडं थांबायला हवं. त्यांच्या समाधानाची किंमत दुसऱ्या कुणीतरीही मोजली. कुंताबाई आणि मुलं मागे राहिली. धर्मशाळांसाठी लाखोंच्या देणग्या येत असताना घरच्यांनी त्या पैशावर जगू नये, असा बाबांचा दंडक होता. कुंताबाईंच्या वाट्याला झोपडी आणि कष्टच आले.

माणसाच्या सुखावरचा एक मोठा अभ्यास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 1938 पासून सुरू आहे. जवळची नाती चांगली असतील तर माणूस सुखी आणि निरोगी राहतो, असं त्यातून दिसलं. मग नाती सोडून निघालेला माणूस समाधानी कसा?

एक उत्तर असं, की त्यांनी नाती तोडली, पण माणसं तोडली नाहीत. रोज नवं गाव, नवी माणसं आणि संध्याकाळी डोळ्यांना दिसणारं झाडलेलं अंगण. आणि दुसरं म्हणजे, घर सोडा असा सल्ला त्यांनी लोकांना दिला नाही. त्यांचा सगळा जोर घरं वाचवण्यावर होता.

पैसा आला, पण थांबला नाही

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ पेशंटच्या नातेवाइकांची सोय झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःच्या नावावर काहीच ठेवलं नाही.

1978 मध्ये अमेरिकेत लॉटरी जिंकलेल्या लोकांचा अभ्यास झाला होता. बक्षीस लागलेले लोक इतरांपेक्षा फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. हातात आलेल्या गोष्टीची आपल्याला सवय होते. नव्या फोनचं कौतुक किती दिवस टिकतं, आठवून बघा. गाडगेबाबांनी सवय लागेल असं काही जवळ ठेवलंच नाही.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. त्यानंतर 14 दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. प्रवास करतच गेले.

मग आपण काय घ्यायचं?

चिंध्या घालून कुणी निघायला नको. पण कर्ज काढून केलेलं लग्न, गावाला दाखवण्यासाठी हप्त्यावर घेतलेली गाडी, संध्याकाळची बैठक, या गोष्टी आजही आपल्याच गावात आहेत. सुख वाढवायचे शंभर उपाय शोधण्याआधी, आपल्या घरातलं सुख नेमकं कोणत्या भोकातून गळतंय, हे एकदा बघायला हरकत नाही. ते भोक बुजवायला ना पैसा लागतो, ना पहाटे चारचा गजर.

तुमच्या घरात ते कोणतं आहे?