ऊतीचा पत्ता विचारणारा डॉक्टर

चंद्रपूर-गडचिरोलीत चौकाचौकात खर्रा घोटला जातो. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या या मिश्रणाने तोंडाचा कर्करोग होतो, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. (ठाऊक असूनही पन्नी खिशातून सुटत नाही, ते वेगळे!) तंबाखू आणि कर्करोगाचे हे नाते आपल्याकडे ज्यांनी ऊतीच्या तुकड्यांवरून तपासले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आधी घ्यावे लागते.

जन्म १८९५चा. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. करून ते मुंबईत परतले आणि शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान लिहायचे, एवढ्यावर त्यांचे भागेना. हा रुग्ण कुठला, काय चघळतो, गालाच्या कोणत्या बाजूला धरतो, हेही ते नोंदवून घेत. १९४४ मध्ये मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी प्रसिद्ध केला. धोतराची गाठ कमरेला सतत घासून होणारा कर्करोगही त्यांनी वर्णन केला. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभारले; डॉ. कमल रणदिवे तिथल्याच. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय. वरोऱ्याचे आनंदवन जवळ असलेल्या आपल्या भागाला त्याचे मोल सांगायला नको.

आज त्याच तुकड्यातले एखादे प्रथिन प्रतिपिंडाने तपकिरी रंगवून औषध ठरवतात. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन-ग्राहक दिसले, तर संप्रेरकविरोधी गोळ्या देता येतात. पण खूण पक्की कधी मानायची? दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या डोळ्यांना, आधीचे उत्तर माहीत नसताना तेच दिसले, आणि रुग्णाच्या पुढच्या वाटचालीशी ते जुळले, तरच. त्यातही तुकडा वेळेत फॉर्मॅलिनमध्ये पडलेला हवा. भामरागडहून नागपूरच्या वाटेवर तो नुसत्या सलाइनमध्ये राहिला, तर असलेले प्रथिनही नाही म्हणून नोंदले जाते आणि बाईची उपयोगी गोळी हुकते.

एकाच प्रतिपिंडाचा हवा तेवढा साठा बनवण्याची युक्ती सापडली १९७५ मध्ये. खानोलकर १९७८ मध्ये गेले. तिची कर्करोगनिदानातली कमाई त्यांना पाहायला मिळाली नाही.