विश्लेषण : परदेशी सुट्या भागांतून देशी मोटार; वालचंद हिराचंद यांनी हे कसे घडवले?

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या रावळगावची गोळी खात महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या मोठ्या झाल्या. तिथल्या साखर कारखान्याचे संस्थापक वालचंद हिराचंद यांनीच मुंबईत मोटारीचा कारखानाही काढला. गाडी जोडणे तुलनेने सोपे होते. त्यासाठी सरकारचे पाठबळ मिळवण्यात मात्र वर्षे गेली.

वालचंद कोण होते?

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या गुजराती जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पदवी न घेताच ते व्यवसायात उतरले. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. जहाज वाहतुकीवरील ब्रिटिश मक्तेदारीला ते आव्हान होते. १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्म कंपनी स्थापन झाली. १९४० मध्ये बंगळूरुला त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने विमान कारखाना काढला. पुढे १९६४ मध्ये त्यातूनच ‘एचएएल’ आकाराला आली. नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना याच कंपनीचा.

मोटारीची कल्पना कुठून आली?

देशात मोटारी जोडल्या जात होत्याच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली होती. परदेशातून सुटे भाग यायचे, इथले कामगार ते जोडायचे; पण तंत्र आणि मालकी परक्यांची होती. देशाचा स्वतःचा मोटार कारखाना असावा, यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तीसच्या दशकात आग्रह धरला. त्यांची सरकारी नोकरी १८८४ मध्ये नाशिक जिल्ह्यातूनच सुरू झाली होती. ही योजना वालचंद यांनी उचलून धरली.

अडचण काय आली?

मुंबई प्रांतातील काँग्रेस सरकार अनुकूल होते. पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी मात्र करार झाला. आता हवा होता सरकारचा आधार. युद्धाच्या काळात दिल्लीतील ब्रिटिश सरकारने तो दिला नाही. दरम्यान बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये स्थापन झाली. वालचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये उभी राहिली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लायमाउथ, फार्गो ही नावे अमेरिकी आणि सुटेही तिकडचेच.

मग ती ‘देशी’ कशी?

खरी कसोटी इथेच होती. आयात केलेले भाग जोडून विकणे हा व्यापार झाला. एकेक भाग इथे बनवू लागणे हा उद्योग. प्रीमियरने दुसरी वाट धरली. पुढे फियाटशी करार करून छोट्या मोटारीकडे मोर्चा वळवला. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले : जे इथे टप्प्याटप्प्याने भाग बनवणार नाहीत, त्यांनी केवळ जुळणीचे काम आवरावे. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली.

शेवट काय झाला?

वालचंद यांना हे यश पाहता आले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कंपनीच्या फियाटचे नाव सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले आणि काळी-पिवळी टॅक्सी मुंबईची ओळख बनली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली. वीस वर्षांची मुदत संपल्याने २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली.